एक्स२२० ला एक्सप्रेसकार्ड लावून यूएसबी ३.० : पैसे वसूल होतात का?

शेवटचा_बाक
थिंकपॅड एक्स२२०, आय५ वाला, २०११ चं मॉडेल. तिन्ही यूएसबी पोर्ट २.० चे. रॅम वाढवली, आत एसएसडी टाकली, त्यामुळे रोजच्या कामाला मशीन अजून ठणठणीत आहे. घोडं अडतं ते बॅकअपपाशी. २ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क ३५ एमबी प्रतिसेकंदाच्या वर सरकत नाही.

कडेला ५४ मिमीचा एक्सप्रेसकार्ड स्लॉट रिकामा पडलाय. त्यात बसणारी दोन पोर्टची यूएसबी ३.० कार्डं मिळतात. प्रश्न असे:
वेग खरोखर किती वाढेल? चिप (कार्डावरचा यूएसबी कंट्रोलर) कोणती बघावी? ३४ मिमीचं कार्ड ५४ च्या स्लॉटमध्ये चालतं का? लिनक्स मिंट आणि विंडोज ७ दोन्ही आहेत, ड्रायव्हरची कटकट होईल का?

"नवीन लॅपटॉप घ्या" हा सल्ला कृपया नको.

आगाऊ_बंडू
नवीन लॅपटॉप घ्या.
(पळतो)

लेनमास्तर
बंडूंकडे दुर्लक्ष करून मुद्द्यावर येतो.

एक्सप्रेसकार्डला मदरबोर्डवरून दोन गोष्टी मिळतात: पीसीआय एक्सप्रेसची (मदरबोर्ड आणि कार्डं यांच्यातला डेटाचा रस्ता) एक लेन आणि यूएसबी २.० च्या तारांची एक जोडी. यूएसबी ३.० चं कार्ड त्यातली लेन वापरतं. त्यामुळे वेग कार्डाच्या खोक्यावर छापलेल्या ५ जीबीपीएसवर (गिगाबिट प्रतिसेकंद) ठरत नाही, ती लेन कोणत्या पिढीची आहे त्यावर ठरतो.

पहिल्या पिढीची लेन २.५ जीटी, म्हणजे २.५ अब्ज बिट, प्रतिसेकंद. दर ८ बिटांमागे १० बिट पाठवावे लागतात, म्हणजे उरले २ जीबीपीएस, अर्थात २५० एमबी. त्यातून पॅकेटांचं वेष्टन वजा केलं की हातात १८० ते २०० पडतात. दुसऱ्या पिढीत हे सगळं दुप्पट: कागदावर ५००, हातात ३५० च्या पुढेमागे.

इंटेलच्या जीएम४५ चिपसेटपर्यंतचे आणि आय३-आय५-आय७ च्या पहिल्या पिढीचे लॅपटॉप २.५ वरच अडकलेले. सँडी ब्रिजपासून (आय३-आय५-आय७ ची दुसरी पिढी), म्हणजे ६ सीरिज चिपसेटपासून, लेन ५ जीटीची झाली. एक्स२२० त्यातलाच. थोडक्यात तुमचं नशीब चांगलं आहे, एक वर्ष जुनं मॉडेल असतं तर निम्म्यावर भागवावं लागलं असतं.

बे_दुणे
लेनमास्तरांचे आकडे वेळेत मांडतो. १०० जीबी कॉपी करायला:
३५ एमबीने ४८ मिनिटं.
११० एमबीने १५ मिनिटं.
१९० एमबीने ९ मिनिटं.
३५० एमबीने ५ मिनिटांच्या आत.

पण धागाकर्त्यांची डिस्क फिरती आहे. २.५ इंची, ५४०० आरपीएमची डिस्क बाहेरच्या कडेला ११० ते १३० देते आणि भरत भरत आतल्या कडेला आली की ५०-६० वर येते. म्हणजे त्यांच्यासाठी १५ मिनिटांची ओळ खरी, खालच्या दोन नाहीत. शिवाय २ टीबीच्या २.५ इंची डिस्का बहुतेक एसएमआर असतात. त्यात एकावर एक कौलं रचावीत तसे ट्रॅक असतात, त्यामुळे सलग खूप लिहिलं की सुरुवातीची जागा संपते आणि लिहिण्याचा वेग मध्येच बसतो. तो कार्डाचा दोष समजू नये.

ज्यांच्या लॅपटॉपच्या आतच अजून जुनी फिरती डिस्क आहे त्यांनी आधी ती बदलावी. आतून ६० ने येत असेल तर बाहेरचं दार कितीही रुंद करा, गर्दी तेवढीच.

सोल्डरगन
सगळे वेगावर बोलताय. या कार्डांत वेग हा प्रश्नच नसतो, वीज असते.

एक्सप्रेसकार्डच्या २६ पिनांमध्ये ५ व्होल्टची पिनच नाही. स्लॉट देतो ३.३ व्होल्ट, जास्तीत जास्त १ अँपिअर सरासरी, आणि १.५ व्होल्ट अर्धा अँपिअर. यूएसबीला लागतात ५ व्होल्ट. मग कार्डावर एक छोटा बूस्ट कन्व्हर्टर बसवून ३.३ चे ५ करतात.

हिशेब करा. ३.३ वॉट आले. त्यातला वॉटभर कंट्रोलर चिप खाऊ शकते. उरलेल्या सव्वादोन वॉटांतले १०-१५ टक्के कन्व्हर्टर उष्णतेत घालवतो. शिल्लक २ वॉट, म्हणजे ५ व्होल्टला ४०० मिलिअँपिअर. दोन्ही पोर्ट मिळून! आणि यूएसबी ३.० चं वचन आहे प्रत्येक पोर्टला ९०० मिलिअँपिअर.

पेनड्राइव्ह, कीबोर्ड, कार्डरीडर यांना ४०० पुरतात. फिरत्या पोर्टेबल डिस्कच्या पाठीवर बघा, ५ व्होल्ट ०.७ ते १ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. मोटर उचलताना तेवढा लागतोच. नाही मिळाला की डिस्क टिक-टिक करते, दिसते, नाहीशी होते, परत दिसते. लोक म्हणतात कार्ड खराब, ड्रायव्हर खराब. दोन्ही चांगले असतात, डिस्क उपाशी असते. आणि हे लिहिताना झालं तर फाइलसिस्टिमचा बोऱ्या.

म्हणून कार्डाच्या तोंडाशी एक बारीक गोल जॅक असतो आणि सोबत एका टोकाला यूएसबी असलेली वायर. ती लॅपटॉपच्याच २.० पोर्टात खोचायची, आणखी ५०० मिळतात. जॅक नसलेलं कार्ड पोर्टेबल डिस्कसाठी घेऊच नका.

खिडकीतली_मनी
सोल्डरगन, मग जॅकला मोबाइलचा जुना चार्जर लावला तर? ५ व्होल्ट २ अँपिअरचे ढिगाने पडलेले असतात घरात.

सोल्डरगन
@मनीताई, उत्तम उपाय, लॅपटॉपच्या पोर्टापेक्षाही चांगला. दोन पथ्यं. आधी चार्जर चालू करायचा, मग डिस्क जोडायची. आणि राउटरचा ९ किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर जॅकात बसतोय म्हणून खुपसायचा नाही. त्या जॅकामागे सहसा व्होल्टेज रोखणारं काही नसतं, जे येईल ते थेट डिस्कपर्यंत. जॅकची जाडी आणि मधली पिन धन आहे का, हे कार्डावरच्या खुणेशी ताडून बघा, सगळ्यांची सारखी नसते.

स्वस्त कार्डांत जॅकनंतर शॉटकी जातीचा डायोड टाकलेला असतो, तिथे ०.३ व्होल्टच्या आसपास गळतात. लांब बारीक वायर असेल तर अजून थोडे. पोर्टवर ४.४५ च्या खाली गेलं की यूएसबी ३.० च्या नियमाबाहेर. यूएसबी मीटर मिळतो छोटासा, डिस्क चालू असताना लावून बघावा.

नियमबहाद्दर
दोन शेपट्यांची वाय केबल हा पर्याय कुणी सुचवण्याआधीच सांगतो, यूएसबीच्या नियमांत ती बसत नाही.

आगाऊ_बंडू
नियमात न बसणारी वस्तू पोर्टात मात्र बरोब्बर बसते.

कार्डबसचा_कंडक्टर
शंका. २००६ च्या आसपासचा लॅपटॉप आहे, त्यालाही ५४ मिमीचा स्लॉट आहे. हेच कार्ड त्यात जाईल का?

लेनमास्तर
बहुधा नाही. त्या काळात दोन वेगळे स्लॉट एकाच रुंदीत होते. जुना तो पीसी कार्ड किंवा कार्डबस: आत दोन ओळींत मिळून ६८ पिना, पूर्ण रुंदीभर. नवा तो एक्सप्रेसकार्ड: आत एका बाजूला अरुंद कनेक्टर आणि ५४ च्या स्लॉटमध्ये शेजारी तिरकी पट्टी, जी ३४ च्या कार्डाला जागेवर ढकलते. टॉर्च मारून बघा, लगेच कळतं. स्लॉटमधलं प्लास्टिकचं डमी काढून मोजलं तरी चालेल. पीसी कार्ड ८५.६ मिमी लांब, एक्सप्रेसकार्ड ७५.

कार्डबस निघाला तर त्याची एकूण वाट १३३ एमबीची आणि तीही इतरांशी वाटून घेतलेली. त्यात यूएसबी २.० चं कार्ड टाकणं एवढंच शहाणपणाचं, तेही लॅपटॉपचे स्वतःचे पोर्ट १.१ चे असतील तर.

धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न यातच सुटला. ३४ चं कार्ड ५४ मध्ये चालतं, पण मोकळ्या बाजूला डुगडुगतं. सोबत प्लास्टिकचा एल आकाराचा आधार मिळाला तर घ्या. त्याहून सरळ म्हणजे ५४ चंच कार्ड शोधा.

चिपको_आंदोलन
आता चिप. एक्सप्रेसकार्डांत सापडणाऱ्या मुख्य चिपा: एनईसी/रेनेसासची यूपीडी७२०२०० आणि तिची धाकटी ७२०२०२, एएसमीडियाची एएसएम१०४२, फ्रेस्को लॉजिकच्या एफएल१००० आणि एफएल१००९, एट्रॉनची ईजे१६८, व्हीआयएची व्हीएल८००.

पहिली पसंती ७२०२०२, मग ७२०२०० ची 'ए' आवृत्ती. एएसएम१०४२ चालेल. एफएल१००० टाळा.

घाटपांडी
एएसएम१०४२ ला "चालेल" म्हणून मागच्या बाकावर का बसवलं? कमी तापते आणि स्वस्त कार्डांत तीच जास्त मिळते. ७२०२०० चं जुनं फर्मवेअर असलेली कार्डं झोपेतून उठल्यावर डिस्क विसरतात, तो इतिहास सोयीस्करपणे गाळलात.

चिपको_आंदोलन
@घाटपांडी, फर्मवेअरचा मुद्दा मान्य, म्हणूनच ७२०२०२ वर ठेवली. पण एएसएम१०४२ बद्दल लिनक्स कर्नलच्या एक्सएचसीआय (यूएसबी ३.० कंट्रोलरच्या) ड्रायव्हरमध्येच नोंद आहे की तिचे 'स्ट्रीम' (एकाच जोडणीवरचे समांतर प्रवाह) बिघडलेले आहेत. यूएएस, म्हणजे डिस्कला एका वेळी अनेक आज्ञा देणारी नवी पद्धत, त्या स्ट्रीमवर चालतो. त्यामुळे कर्नल अशा चिपेवर यूएएस वापरतच नाही, जुन्या बल्क पद्धतीवर येतो. एफएल१००९, ईजे१६८ आणि व्हीएल८०० वरही हाच शिक्का आहे. ईजे१६८ ला तर झोपेतून उठवल्यावर पूर्ण रीसेट करावं लागतं, तेही ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवलंय. आणि एफएल१००० एमएसआय इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची एक पद्धत) येतात असं सांगते पण येत नाहीत.

घाटपांडी
नोंद बरोबर. पण फिरत्या डिस्कवर मोठ्या फाइली कॉपी करणाऱ्याला यूएएस असला काय नसला काय, फरक दिसणार नाही. तो दिसतो एसएसडीवर हजारो बारक्या फाइली असतील तेव्हा. धागाकर्त्यांना बॅकअप घ्यायचाय, डेटाबेस चालवायचा नाही.

चिपको_आंदोलन
हे मान्य. विंडोज ७ ला तर स्वतःचा यूएएस ड्रायव्हरच नाही, तिथे वाद मिटला.

खिडकीतली_मनी
विकणारा चिप सांगत नाही. "यूएसबी ३.० हायस्पीड सुपर बेस्ट क्वालिटी" एवढंच लिहितात. ओळखायची कशी?

चिपको_आंदोलन
फोटोत दिसली तर चिपेवरची अक्षरं वाचायची, नाहीतर ड्रायव्हरच्या सीडीवर नाव असतं. हातात आल्यावर लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' द्या आणि यूएसबी कंट्रोलरच्या ओळीतला आकडा बघा:
१०३३:०१९४ म्हणजे यूपीडी७२०२००
१९१२:००१५ म्हणजे ७२०२०२
१बी२१:१०४२ म्हणजे एएसएम१०४२
१बी७३:१००९ म्हणजे एफएल१००९
११०६:३४३२ म्हणजे व्हीएल८००

यातलं काहीच दिसलं नाही आणि फक्त 'एलएसयूएसबी' मध्ये नवीन हब उगवला, तर ते कार्ड लेन वापरतच नाहीये. स्लॉटमधल्या यूएसबी २.० च्या जोडीवर हब लावून विकलंय. परत करा.

आगाऊ_बंडू
टर्मिनलला मराठी शिकवताय की मराठीला टर्मिनल? 'एलएसपीसीआय' असंच टाइप केलं तर बॅश म्हणतं आज्ञा सापडली नाही.

नियमबहाद्दर
तरी बरं, यूएसबी ३.० च्या नावांचा घोळ काढला नाही. त्याचं आधी ३.१ जेन १ असं बारसं झालं, मग ३.२ जेन १. बाळ तेच, वेग तोच ५ जीबीपीएस. त्यामुळे कार्डावर ३.२ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. टाइप-सी तोंडाचं कार्ड असलं तरी त्यातून लॅपटॉप चार्ज होणार नाही की मॉनिटर चालणार नाही, नुसतं तोंड बदललेलं.

बे_दुणे
दोन पोर्ट एकाच लेनवर आहेत. दोन डिस्का लावून एकीवरून दुसरीवर कॉपी केलं तर वेग निम्मा होईल, हे लक्षात असू द्या.

लेनमास्तर
इथे असहमत. पीसीआय एक्सप्रेस दोन्ही दिशांना एकाच वेळी वाहतं, या मशीनवर ५०० जाताना आणि ५०० येताना वेगळे. एका डिस्कवरून वाचणं ही एक दिशा, दुसरीवर लिहिणं ही उलटी. त्यामुळे डिस्क ते डिस्क कॉपीत फारसं नुकसान नाही. दोन्ही डिस्कांवरून एकदम वाचलं तर मात्र वाटणी होते.

बे_दुणे
बरोबर, चूक झाली. विजेच्या बाबतीत मात्र दोन्ही डिस्का एकाच ताटात, ते कायम.

कार्डबसचा_कंडक्टर
अवांतर: एक्सप्रेसकार्डचं ईसाटा (बाहेरच्या डिस्कसाठीचं साटा) कार्ड घेतलं तर? नाहीतर वायफायचं मिनी पीसीआय एक्सप्रेस काढून तिथे यूएसबी ३.०?

घाटपांडी
ईसाटाचा वेग चांगला, डिस्कही आतल्या साटासारखी दिसते. पण ईसाटाची वायर वीज देत नाही, म्हणजे सोल्डरगन यांचं दुखणं अजून वाढलं. आणि त्या तोंडाच्या नव्या केसिंग आता शोधाव्या लागतात.

वायफायचा स्लॉट विसरा. एक्स२२० च्या बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी आहे, अनोळखी कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. शिवाय तिथून पोर्ट बाहेर काढायला चेसिसला भोक पाडणार का?

त्याच मशीनमध्ये एमसाटाची (छोट्या आकाराच्या एसएसडीची) जागा आहे, मोबाइल इंटरनेटच्या कार्डाचा स्लॉट. आतली जागा कमी पडते म्हणून बाहेरची डिस्क वापरत असाल तर तिथे एमसाटा एसएसडी टाका. ३ जीबीपीएस मिळतात, कार्डाची भानगडच नको. आणि घरात गिगाबिट राउटर आणि नॅस (नेटवर्कवर जोडलेली डिस्क) असेल तर लॅनच्या वायरीवरूनही ११० एमबी येतात, एवढ्यातच तुमची फिरती डिस्क दमते.

शेवटचा_बाक
सगळ्यांचे आभार. बॅकअप घराबाहेर ठेवायचा असल्यामुळे पोर्टेबल डिस्कच हवी. यादी आता दोनवर आली आहे. एक ७२०२०२ चं, ५४ मिमी, तोंड बाहेर आलेलं, जॅक असलेलं. दुसरं एएसएम१०४२ चं, स्लॉटमध्ये पूर्ण आत जाणारं, दिसायला सुरेख, जॅक नाही. दुसरं स्वस्त आहे आणि लॅपटॉप बॅगेत टाकताना काढावं लागणार नाही.

सोल्डरगन
पहिलं. वीज हे एक कारण झालंच. दुसरं म्हणजे पूर्ण आत जाणाऱ्या कार्डाची जाडी ५ मिमी, त्यात पोर्टाचं पूर्ण पत्र्याचं घर मावत नाही. वरून उघडी किंवा अर्धी चौकट असते आणि प्लग पोकळ बसतो. डिस्कला धक्का लागला की संपर्क गेला.

बाहेर आलेलं कार्ड मात्र प्रवासात काढून डमी परत बसवायचं. नाहीतर ते तरफेसारखं काम करतं आणि स्लॉटचा कनेक्टर उचकटतो. तो मदरबोर्डावरचा, कार्डासारखा बदलता येत नाही.

चिपको_आंदोलन
बसवण्याआधी: बायोसमध्ये सिक्युरिटीखाली आय/ओ पोर्ट अ‍ॅक्सेस उघडून एक्सप्रेसकार्ड चालू आहे ना बघा. ऑफिसमधून निघालेल्या मशीनमध्ये हे बंद करून ठेवलेलं असतं.

विंडोज ७ मध्ये आधी ड्रायव्हर, रीस्टार्ट, मग कार्ड. यूएसबी ३.० चा ड्रायव्हर विंडोज ८ पासून आत आला, ७ मध्ये नाही. मिंटमध्ये काही करायला नको, कर्नलमध्ये एक्सएचसीआय २००९ पासून आहे. चालू मशीनमध्ये कार्ड खुपसून काहीच दिसलं नाही तर कार्ड आत असतानाच रीस्टार्ट करा.

या पोर्टवरून बूट करण्याच्या आशेवर राहू नका, बायोसला ते दिसत नाहीत. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह जुन्या पोर्टातच लावायचा.

शेवटचा_बाक
७२०२०२ चं कार्ड बसवलं, जॅकला ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर. 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' मध्ये ५ जीटी, रुंदी एक लेन. डिस्क वाचताना ११८ एमबी, लिहिताना १०५.

दोन शंका राहिल्या. तिसऱ्यांदा जोडली तेव्हा डिस्क परत ३५ वर होती, काढून लावल्यावर सुधारली. आणि कॉपी चालू असताना वायरलेस माउस अडखळत चालतो. कार्ड परत करावं का?

लेनमास्तर
नका करू. पहिल्या शंकेचं उत्तर प्लगच्या आत आहे. यूएसबी ३.० च्या प्लगमध्ये जुन्या ४ पिना पुढे आणि नव्या ५ आत. हळूहळू सरकवत घातला तर जुन्या पिना आधी टेकतात, डिस्क २.० म्हणून ओळख देते आणि तशीच राहते. एका दमात आत घालायचा. 'एलएसयूएसबी -टी' मध्ये डिस्कपुढे ५०००एम दिसलं पाहिजे, ४८०एम दिसलं की काढून परत. डिस्कच्या बाजूचं चपटं मायक्रो-बी तोंडही ढिलं असू शकतं. वायर बदलून बघा, अर्ध्या मीटरची घ्या.

घाटपांडी
माउसचं दुखणं सगळ्या यूएसबी ३.० ला आहे. ५ जीबीपीएसच्या सिग्नलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर कागद काढला होता. माउसचा रिसीव्हर कार्डाच्या बाजूच्या पोर्टात असेल तर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. तरी राहिलं तर फूटभराच्या यूएसबी एक्स्टेन्शनवर रिसीव्हर लांब ठेवा. वायफायही अडखळत असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर जा.

आगाऊ_बंडू
किंवा वायरवाला माउस घ्या. तो नवीन लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडतो, एवढं मीही मान्य करतो.

शेवटचा_बाक
रिसीव्हर उजव्या बाजूला नेला, माउस सरळ चालतोय. बंडू, माउस वायरलेसच राहील.